नाम लॅटिन, विशेषण ग्रीक – ॲनॅटॉमीत असं का?

जतची_पोरगी

नमस्कार. फर्स्ट एमबीबीएसला आहे, मिरजेत. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे आधीच प्रत्येक शब्दाला दोनदा धडकावं लागतं. सध्या ॲब्डोमेन चालू आहे. सीलिॲक ट्रंक म्हणजे पोटातली एक मोठी आर्टरी (धमनी), तिच्या तीन फांद्या: लेफ्ट गॅस्ट्रिक, स्प्लेनिक, कॉमन हेपॅटिक. पाठ झाल्या. पण मला कळत नाही ते असं:

लिव्हरला हेपॅटिक, स्टमकला गॅस्ट्रिक, मग किडनीला रीनल का? नेफ्रिक का नाही? नेफ्रॉन आहे, नेफ्रॉलॉजी आहे, पण आर्टरी मात्र रीनल.

दुसरं, पुस्तकात स्प्लेनिक आर्टरी (स्प्लीनची, म्हणजे प्लीहेची) आहे आणि आमच्या म्युझियममधल्या एका जुन्या बरणीवर ‘ए. लायनॅलिस’ लिहिलंय. एका पुस्तकात लिगामेंटचं नाव लायनोरीनल, दुसऱ्यात स्प्लेनोरीनल. ही एकच गोष्ट ना?

तिसरं, त्याच म्युझियममध्ये एका बाणावर ‘हेपॅटिका’, दुसऱ्यावर ‘हेपॅटिकस’. शेवट का बदलतो?

सीनिअरना विचारलं तर म्हणाले, पाठ कर आणि गप बस. पाठ करतेच आहे. पण कारण कळलं तर डोक्यात राहील असं वाटतं.

इंटर्न_झालो_एकदाचा

पाठच कर गं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुणी ग्रीक विचारत नाही. लायनल म्हणजे स्प्लेनिक, एवढं पुरे.

बरणीवाले_काका

पाठ करच, पण तुझे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी डॉक्टर नाही. मिरजेतल्याच एका कॉलेजात ॲनॅटॉमी विभागाला आर्टिस्ट होतो, आता रिटायर. भिंतीवरचे चार्ट, बरण्यांवरची लेबलं, नमुन्याला टोचायचे छोटे बाण ही माझी कामं. त्यामुळे ही भाषा मी आधी लिहायला शिकलो, वाचायला नंतर. बोटभर रुंदीच्या कार्डावर काळ्या शाईनं कॅपिटल अक्षरं बसवायची म्हणजे शब्द शेवटाकडून मोजत यावं लागतं. शेवट ‘आ’चा की ‘उस’चा, यावर किती जागा सोडायची ते ठरतं. तुझा तिसरा प्रश्न म्हणजे माझं रोजचं काम होतं, म्हणून तोच आधी घेतो.

शेवट बदलतो तो लिंगानुसार. काळा घोडा, काळी म्हैस, काळं कुत्रं, बस्स. लॅटिनलाही मराठीसारखी तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाच्या मागून येतं. आर्टेरिया स्त्रीलिंगी, म्हणून आर्टेरिया हेपॅटिका. डक्टस (नळी) पुल्लिंगी, म्हणून डक्टस हेपॅटिकस. गँग्लिऑन (मज्जातंतूंची गाठ) नपुंसकलिंगी, म्हणून गँग्लिऑन ऑटिकम. अनेकवचनात विशेषणही बदलतं. आर्टेरिया गॅस्ट्रिका एक, आर्टेरी गॅस्ट्रिकी अनेक. आणि लेबलावर जागा नसते म्हणून संक्षेप करतात तेव्हा अनेकवचनाला अक्षर दोनदा लिहितात. एका शिरेला एक व्ही, चार शिरा असल्या तर दोन व्ही. नवीन पोरांना ती छपाईची चूक वाटते. इंग्रजी मीडियमच्या मुलांना हे लिंगाचं प्रकरण समजावताना मास्तरांचा घाम निघायचा, तुला तर ते जन्मापासून येतंय.

आता हेपॅटिक. रोमन लोकांकडे स्वतःचे शब्द नव्हते असं नाही. लिव्हरला येकुर, स्प्लीनला लिएन, किडनीला रेन, हार्टला कॉर. पण वैद्यकी ग्रीकांच्या हातात. रोममध्ये औषधपाणी करणारे बरेचसे ग्रीकच. गेलन पर्गामॉनचा, दुसऱ्या शतकात रोमच्या बादशहांचा वैद्य झाला, पण आयुष्यभर लिहिलं ते ग्रीकमध्ये. पुढे युरोपात ॲनॅटॉमी लॅटिनमधून शिकवायला लागले तरी पाठीमागे गेलनच. १५४३ मध्ये व्हेसेलियसचा ग्रंथ बाझल शहरात छापला गेला, त्यात गेलनच्या चुका दाखवल्यात, पण शब्दांत तो आहेच. मग झालं असं की नाम कधी घरचं राहिलं, कधी ग्रीक आलं, पण त्यापासून विशेषण बनवायची वेळ आली की पंडितांचा हात आपोआप ग्रीककडे गेला. ग्रीकमध्ये शेवट ‘इकॉस, इके, इकॉन’, लॅटिनमध्ये तेच ‘इकस, इका, इकम’. टाका घालायचीही गरज नाही, सांधा दिसतच नाही.

आपण वेगळं काय करतो? दात आपला, पण दाताचा डॉक्टर दंतवैद्य. डोळा आपला, पण दवाखान्याच्या पाटीवर नेत्ररुग्णालय. हाड मोडतं आणि माणूस जातो अस्थिरोगतज्ज्ञाकडे. ‘हाडरोगतज्ज्ञ’ अशी पाटी मी मिरजेत काय, कुठंच बघितली नाही. आणि मिरजेत दवाखान्याच्या पाट्यांना तोटा नाही. रंगवल्यात पण मी काही.

तर पूर्वीच्या यादीत स्टमकचं नाव व्हेंट्रिक्युलस आणि त्याच्या आर्टरीचं गॅस्ट्रिका. नामाचा आणि विशेषणाचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्या चार्टवर हे दोन शब्द शेजारीशेजारी असायचे.

लायनॅलिसची बरणी मला माहीत असल्यासारखी वाटते, पण जाऊ दे, कॉलेज सांगू नकोस. लिएन हा लॅटिन शब्द, स्प्लेन ग्रीक. दोन्ही एकच. १८९५ मध्ये, पुन्हा बाझललाच, ॲनॅटॉमीवाल्यांनी बसून नावांची यादी केली. तोवर पुस्तकांत मिळून ५०,००० च्या आसपास नावं झाली होती, ती साडेपाच हजारांवर आणली. एका अवयवाला एकच नाव. मग १९५५ ला पॅरिसमध्ये नवी यादी, मग १९९८ ची. जुन्या याद्यांत लिएनला मान होता, १९९८ च्या यादीत स्प्लेन पुढे आला. स्टमकही आता गॅस्टर. म्हणजे मधल्या काळात विशेषणानं नामाला ओढून आपल्याकडे नेलं. बरणी मात्र जिथल्या तिथे, कारण फॉर्मालिनमधला नमुना टिकतो तोवर लेबल कोण बदलतो. तुझ्या पुस्तकातला फरकही असाच, जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती.

रीनल का? इथे तत्त्व शोधू नकोस. रेनला रेनॅलिस हे घरचं विशेषण बनलं, सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि राहिलं. पण साधारण एक सवय दिसते. जागा सांगायची असेल तर लॅटिनही चालतं, आजार सांगायचा असेल तर ग्रीकच. रीनल आर्टरी पण नेफ्रायटिस. नेझल बोन पण ऱ्हायनायटिस. लिंग्वल नर्व्ह पण ग्लॉसायटिस. त्वचेची नर्व्ह क्युटेनियस पण आजार डर्मटायटिस. आणि हा ‘आयटिस’सुद्धा मुळात विशेषणच बरं का. ग्रीकमध्ये रोगाला नोसॉस, तो स्त्रीलिंगी. ‘नेफ्रिटिस नोसॉस’ म्हणजे किडनीचा रोग. पुढे रोग गळाला आणि विशेषण एकटंच नाम म्हणून फिरायला लागलं.

असाच एक मला फार आवडतो तो ट्रॅकिया. ग्रीकमध्ये आर्टेरिया म्हणजे श्वासनळीही आणि धमनीही. मग श्वासनळी वेगळी दाखवायला म्हणाले ‘आर्टेरिया त्राखेया’, खरबरीत आर्टेरिया, कारण कार्टिलेजच्या कड्या हाताला लागतात. डिसेक्शन हॉलमध्ये बोट फिरवून बघ, लागतात. पुढे आर्टेरिया गळालं, ‘खरबरीत’ एवढंच उरलं आणि तेच अवयवाचं नाव झालं. डोळ्याच्या खुपऱ्यांना ट्रॅकोमा म्हणतात तो याच खरबरीतपणावरून.

आता ‘हेपार’चं ‘हेपॅट’ कसं झालं असं विचारशील. हेपार, हेपॅटिकस. पँक्रियास, पँक्रियॅटिकस. डायफ्रॅग्मा, डायफ्रॅग्मॅटिकस. थोरॅक्स, थोरॅसिकस. देऊळ, पण देवळात. पाणी, पण पाण्याला. आपल्या सामान्यरूपासारखंच समज. प्रत्यय लागायच्या आधी शब्द कात टाकतो. नुसतं नाम पाठ केलंस तर विशेषण चुकेल, म्हणून दोन्ही रूपं बरोबर लिहून ठेव.

राहिले ते ‘ऑइड’वाले. ग्रीक ‘एइदेस’ म्हणजे ‘च्या आकाराचं’. त्याला पुल्लिंग-स्त्रीलिंग फरकच नव्हता, म्हणून लॅटिनवाल्यांनी शेपूट जोडून ‘ऑइडियस, ऑइडिया, ऑइडियम’ केलं. मॅस्टॉइड स्तनासारखा, कोरॅकॉइड कावळ्याच्या चोचीसारखा, झिफॉइड तलवारीसारखा, डेल्टॉइड डेल्टा अक्षरासारखा. थायरॉइडमध्ये थुरेऑस म्हणजे ढाल, दाराएवढी लांबट ढाल, कारण थुरा म्हणजे दार. सगळ्यात गंमत इथमॉइडची. इथमॉस म्हणजे चाळणी. त्या हाडात एक भोकाभोकांची पट्टी आहे, तिचं नाव क्रिब्रिफॉर्म प्लेट, आणि क्रिब्रम म्हणजे लॅटिनमधली चाळणी. ग्रीक चाळणीतली लॅटिन चाळणी. चार्टवर ती भोकं मी सुईच्या टोकानं काढायचो, ऑल्फॅक्टरी नर्व्हचे धागे तिथून वर जातात म्हणून मास्तरांना एकेक भोक स्वच्छ दिसायला पाहिजे असायचं.

सह्याद्रीचा_वाघ_११

काका छान माहिती. पण मूळ सगळं आपलंच. यकृत वरून हेपार, प्लीहा वरून स्प्लीन. ग्रीकांनी इथूनच नेलं, हे कुणी शिकवत नाही.

वाईकर_शास्त्री

वाईतून लिहितो. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून वाघोबांना उत्तर देणं माझ्याकडे आलं असं समजतो.

यकृत् आणि हेपार एकच शब्द आहेत हे बरोबर. लॅटिन येकुरही तोच. पण एकाने दुसऱ्याकडून नेलेला नाही, तिन्ही भावंडं आहेत. पुरावा शब्दातच आहे. संस्कृतात प्रथमेला यकृत्, पण षष्ठीला यक्नः. ‘र’ जातो आणि ‘न’ येतो. लॅटिनमध्ये येकुर, षष्ठी येकिनोरिस. ग्रीकमध्ये हेपार, षष्ठी हेपातॉस. ही विचित्र मोडणी तिघांकडेही आहे आणि ती उसनी घेता येत नाही. उसना शब्द आपल्याकडे आला की आपल्या नियमाने चालतो. टेबल आलं, आपण टेबलावर म्हणतो, इंग्रजांची मोडणी आणत नाही. ऊधस् म्हणजे कास, तिचंही वेदात ऊधर् आणि ऊध्नः असं चालतं, ग्रीकमध्ये औथार, औथातॉस. हेपारमधला ‘ह’ही नियमानेच आलेला आहे, आपल्या आरंभीच्या ‘य’ला ग्रीकमध्ये ‘ह’ येतो. आपला यः, त्यांचा हॉस.

प्लीहन्, स्प्लेन आणि लिएन यांचंही नातं मानतात, जरी सगळे ध्वनी नियमात बसत नाहीत. हृद्, कार्दिया, कॉर हे तर शाळेतल्या मुलालाही दिसावं. दन्त, ओदोन्तॉस, देन्तिस. अस्थि, ऑस्तेऑन, ऑस. बरणीवाल्यांनी थुरा सांगितलं, ते आपलं द्वार, मराठीत दार.

तेव्हा पोरी, तुझ्या दृष्टीने गंमत अशी की लॅटिनवाल्यांनी घरातला येकुर बाजूला ठेवून त्याच्याच सख्ख्या भावाला, हेपारला, विशेषणाच्या कामाला लावलं. आणि आपण यकृत् वापरतो म्हणून आपल्याला ते परकं वाटतं.

अभिमान बाळगायला हरकत नाही, वाघोबा. पण भावाला मुलगा म्हटलं की भाऊबंदकी होते.

फिजिओ_विश्रामबाग

सांगलीत माझं क्लिनिक आहे. काकांचं वाचून राहवलं नाही.

माझ्याकडे रोज येणारा शब्द सायटिका. एसटीचे ड्रायव्हर, ऊसतोडीचे लोक, कमरेवर हात ठेवूनच आत येतात, ‘मॅडम, सायटिकाची शीर दाबलीया’. हा शब्द मूळचा ग्रीक विशेषण. इस्किऑन म्हणजे मांडीचा खुब्याकडचा सांधा, त्यावरून इस्किॲडिकॉस. लॅटिनमध्ये नर्व्हस इस्किॲडिकस, आणि मध्ययुगात बोलता बोलता पुढचा ‘इ’ पडून सायॅटिकस. म्हणजे इस्किअम हाड आणि सायटिक नर्व्ह एकाच घरचे, नावाच्या वेलांटीत ते दिसत नाही इतकंच. इस्किअल ट्युबरॉसिटी (ज्यावर आपण बसतो तो हाडाचा उंचवटा) आणि ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा) यांच्या मधून नर्व्ह खाली उतरते, तेव्हा नाव आणि जागा जुळतात. पेशंटला पालथं झोपवून मी तिथेच अंगठा देते आणि तो ओरडतो.

दुसरा किस्सा. तासगावकडचे एक गृहस्थ, पाऊल उचलत नव्हतं, फूट ड्रॉप. दोन ठिकाणी तपासणी करून आलेले. एका रिपोर्टवर कॉमन पेरोनियल नर्व्ह, दुसऱ्यावर कॉमन फिब्युलर नर्व्ह. बिचारे घाबरून म्हणाले, ‘दोन शिरा गेल्या काय ओ?’ एकच. ग्रीकमध्ये पेरोने म्हणजे कपड्याला टोचायची पिन, लॅटिनमध्ये फिब्युला म्हणजे पण पिनच. नडगीच्या बाजूचं ते बारीक हाड पिनेच्या काडीसारखं दिसतं म्हणून. जुन्या पुस्तकांत हाड फिब्युला आणि मसल पेरोनियस असा कारभार होता. १९९८ च्या यादीत फिब्युलॅरिस पुढे आणला. पेरोनियल आणि पेरिनियल (गुदाजवळच्या भागाचं) ऐकताना जो घोळ व्हायचा तोही त्यात टळला. त्यांना मी कागदावर गुडघ्याखालची नर्व्ह काढून दाखवली, फिब्युलाच्या मानेला वळसा घालून जाते ती जागा, आणि तिथंच दाब येतो म्हणून पाय आडवा टाकून बसू नका सांगितलं.

हातात स्कॅफॉइड आणि पायात नॅव्हिक्युलर, हेही असंच. दोन्हीचा अर्थ होडीसारखं हाड. पूर्वी हातातल्यालाही नॅव्हिक्युलरच म्हणायचे, पुढे हाताला ग्रीक होडी दिली आणि पायाला लॅटिन. शास्त्रीबुवा, नाविस म्हणजे आपली नावच ना?

वाईकर_शास्त्री

होय. नौ, ग्रीकमध्ये नाउस. कृष्णेतली असो की समुद्रातली.

जतची_पोरगी

एवढं सगळं वाचून डोकं गरगरलं पण खूप आवडलं. काका, शास्त्रीबुवा, मॅडम, मनापासून आभार. देऊळ-देवळात हे तर वहीत पहिल्या पानावर लिहिलं.

एक राहिलं. सिस्टिक आर्टरी गॉलब्लॅडरला जाते. पण सिस्टायटिस म्हणजे युरिनरी ब्लॅडरचा आजार. दोन्हीकडे सिस्ट. काल टेस्टला मैत्रिणीनं सिस्टिक आर्टरी पेल्व्हिसमध्ये (कटिभागात, जिथे लघवीची पिशवी असते) नेऊन ठेवली. आणि कार्डिॲक एंड ऑफ स्टमक म्हणजे काय, हार्टचा आणि स्टमकचा काय संबंध?

बरणीवाले_काका

मैत्रिणीला सांग, तुझं ग्रीक बरोबर आहे, ॲनॅटॉमी चुकली.

किस्टिस म्हणजे पिशवी, कुठलीही. शरीरात दोन ठळक पिशव्या, पित्ताची आणि लघवीची. विशेषण ‘सिस्टिकस’ पित्ताच्या पिशवीनं पटकावलं. आर्टेरिया सिस्टिका, डक्टस सिस्टिकस, दोन्ही तिकडचे. लघवीच्या पिशवीला जागेचं विशेषण लॅटिन मिळालं, व्हेसिका वरून व्हेसिकॅलिस. सुपीरिअर व्हेसिकल आर्टरी वाचलं असशील. पण आजार आला की ग्रीक, म्हणून सिस्टायटिस तिचा. पित्ताच्या पिशवीचा आजार मग कोलेसिस्टायटिस, पुढे ‘कोले’ म्हणजे पित्त जोडावं लागलं. बघ, मघाचीच सवय: जागेला लॅटिन चालेल, रोगाला ग्रीक.

कार्डियाचं कारण असं की ग्रीकमध्ये कार्दिया म्हणजे हृदय, आणि अन्ननळी पोटात उघडते ते तोंडही. ते हृदयाच्या जवळ, खालच्या अंगाला आहे आणि जळजळ तिथंच होते. म्हणून ऑस्टियम कार्डियॅकम पोटात आणि प्लेक्सस कार्डियॅकस (हृदयाजवळचं मज्जातंतूंचं जाळं) छातीत. विशेषण एकच, अवयव दोन. शेवट ‘अम’ का आणि ‘उस’ का ते आता तुझं तू सांग.

सिस्टिक आर्टरी बहुतेक वेळा राइट हेपॅटिकची फांदी असते. सर्जन लोक तिला कॅलोच्या त्रिकोणात शोधतात. तो त्रिकोण मी इतक्यांदा काढलाय की डोळे मिटून काढीन: एका बाजूला डक्टस सिस्टिकस, दुसरीला डक्टस हेपॅटिकस कम्युनिस, वर लिव्हर. पण ‘बहुतेक वेळा’ हे शब्द व्हायवात विसरू नकोस. ती फांदी कधी कधी भलतीकडून निघते, आणि एक्झामिनरला नेमकं तेच विचारायचं असतं.